बाबांच्या पायात कोणती नळी घालावी?

पत्र:
'माझ्या वडिलांचं वय ७१. वीस वर्षांपासून मधुमेह. सहा वर्षांपूर्वी हृदयाची बायपास झाली, तेव्हा डाव्या पायातली शीर काढली होती. आता उजव्या पायाच्या अंगठ्याला दोन महिन्यांपासून जखम आहे, ती भरत नाही. रात्री पाय पलंगाखाली सोडून बसतात, तेव्हाच थोडं बरं वाटतं. अँजिओग्राफीत मांडीतली मुख्य धमनी पूर्ण बंद निघाली. फुगा घालून उघडायचा प्रयत्न झाला, पण तार पलीकडे गेली नाही. आता पायाची बायपास करायची ठरलं आहे. उजव्या पायातली शीर बारीक आहे म्हणून कृत्रिम नळी घालणार. एक सर्जन डेक्रॉन म्हणतात, दुसरे पीटीएफई. तिसऱ्या ठिकाणी हेपरिन लावलेली नळी सुचवली, ती बरीच महाग आहे. भाऊ म्हणतो, महाग ती चांगली, तीच घेऊ. मला रात्ररात्र झोप नाही. कोणती निवडू? आणि हे प्लास्टिक शरीरात टिकतं किती?'
– एक मुलगी

उत्तर:

तुम्ही विचारलंत डेक्रॉन की पीटीएफई, पण पत्र वाचताना मी अडले ती एका साध्या वाक्यापाशी: 'उजव्या पायातली शीर बारीक आहे.' ही शीर कोणी मोजली, कशी मोजली? पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे, म्हणून आधी तेच बोलते.

सोनोग्राफीची खोली बहुधा थंडगार असते. वयस्क माणूस आडवा झोपलेला, अंगावर पातळ गाऊन, पाय गार पडलेले. अशा वेळी कातडीखालची शीर आक्रसून रिकामी पडते आणि पडद्यावर जेमतेम २ मिलिमीटरची दिसते. त्याच माणसाला पाय खाली सोडून बसवा, मांडीला पट्टा बांधा, पाय थोडा वेळ उबेत राहू द्या. तीच शीर फुगून ३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकते. कागदावर 'शीर निरुपयोगी' असा शेरा आणि ऑपरेशनच्या वेळी हाताला लागलेली छान भरदार शीर, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. साधारण ३ मिलिमीटर किंवा जास्त रुंदीची, मऊ, गाठी नसलेली शीर मिळाली तर तिची बरोबरी कुठलीच नळी करू शकत नाही. म्हणून ही मोजणी पुन्हा करून घ्या, आणि ती पाय खाली सोडून, पट्टा बांधून करा असं स्पष्ट सांगा. एका दिवसाचं काम आहे.

डावा पायही मोडीत काढू नका. हृदयासाठी घेतात ती पायाच्या आतल्या बाजूची लांब शीर, आणि पुष्कळदा ती पूर्ण घ्यावी लागत नाही. बाबांच्या पायावरचा व्रण पाहा. तो घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच असेल तर मांडीतला भाग शिल्लक असू शकतो. (शीर दुर्बिणीने काढली असेल तर व्रण फसवा असतो, तेव्हा जुने कागद किंवा सोनोग्राफीच खरं सांगेल.) पोटरीच्या मागे एक आखूड शीर असते. दोन्ही हातांत शिरा असतात. दोन-तीन तुकडे एकमेकांना जोडून लांबी भरून काढता येते. सर्जनचा वेळ जास्त जातो, टाके जास्त पडतात, पण गुडघ्याखाली जायचं असेल तर हा खटाटोप कृत्रिम नळीपेक्षा फायद्याचा ठरतो. यासाठी आजपासून एक करा: बाबांना सुई टोचायची असेल, सलाईन लावायचं असेल, तर ते हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला लावायला सांगा. कोपरातल्या आणि दंडातल्या शिरा राखून ठेवा.

शिरेचा मी एवढा आग्रह का धरते? पायाची शीर वापरून मांडीतली अडलेली धमनी ओलांडायचं ऑपरेशन जाँ क्युनलँ यांनी १९४८ मध्ये पॅरिसमध्ये केलं. तेव्हापासून आजवर कितीतरी पदार्थ आले, शिरेला मागे टाकणारा एकही आला नाही. कारण शिरेला आतून जिवंत अस्तर असतं. ते अस्तर रक्त गोठू नये म्हणून स्वतः रसायनं सोडत असतं. कृत्रिम नळीला असं अस्तर नसतं. दोन्ही टोकांच्या जोडांपासून आपल्या पेशी आत सरकतात, पण माणसात त्या एखाद-दोन सेंटिमीटर जाऊन थांबतात. मधला सगळा पट्टा वर्षानुवर्षं उघडाच राहतो, रक्ताच्या दृष्टीने परका. रक्ताचा वेग थोडा मंदावला की तिथे गुठळी धरायला निमित्त मिळतं.

दुसरा प्रश्न नळीचं खालचं टोक कुठे जोडणार हा, आणि तो तुमच्या पत्रात नाही. गुडघ्याच्या वर की खाली? शिरेची आणि पीटीएफईची समोरासमोर तुलना करणारी एक मोठी पाहणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या वर जोडलेल्या बायपासमध्ये चार वर्षांनंतरही दोघांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. मात्र पोटरीतल्या बारीक धमन्यांवर जोडलेल्या बायपासमध्ये शिरेच्या शेकडा ४९ चालू होत्या आणि पीटीएफईच्या शेकडा १२. हा आकडा मी ऑपरेशनआधी नातेवाइकांना नेहमी सांगते, कारण तो ऐकल्यावर शीर शोधण्यात दिवस घालवणं कुणालाच जड वाटत नाही. गुडघ्याच्या वरही वर्षं जातात तसतशी शीर पुढे निघते, पण तिथे कृत्रिम नळी हा रास्त पर्याय आहे. गुडघ्याखाली ती नाइलाजाची गोष्ट आहे.

बाबांच्या अंगठ्याला जखम आहे, म्हणजे तिथपर्यंत भरपूर रक्त पोचायला हवं. मांडीतली धमनी ओलांडून गुडघ्याच्या वर जोड दिला आणि खालच्या पोटरीतल्या धमन्याच खराब असल्या, तर नळी काही काळ चालेल आणि जखम तशीच राहील. सर्जनकडे बसून अँजिओग्राफीची चित्रं पाहा आणि विचारा, 'नळी जिथे संपते तिथून पावलापर्यंत किती धमन्या उघड्या आहेत?' याला डॉक्टर 'रन-ऑफ' म्हणतात. नळी कुठलीही असो, तिचं आयुष्य बरंचसं या उत्तरावर ठरतं. नदीचं पुढचं पात्रच अडलं असेल तर कालवा सिमेंटचा की दगडाचा याने काय होणार?

आणखी एक विचारा. फुग्याची तार वरून गेली नाही, पण पावलाच्या धमनीतून उलटी वर नेता येते का? २०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय नावाची १८३० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. चांगली शीर असलेल्यांत बायपास सरस ठरली. शीर नसलेल्यांत मात्र बायपास आणि फुगा-स्टेंट यांच्यात ठाम फरक दिसला नाही. म्हणजे सगळीकडे शोधूनही शीर मिळाली नाही, तर हाताशी असलेल्या टीमला फुग्याचा दुसरा प्रयत्न जमण्यासारखा वाटतो का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

आता समजा शीर खरंच नाही आणि फुगाही नाही. मग तुमचा मूळ प्रश्न.

डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्या कपड्यांत असतं तेच कुळ. कापडाची नळी धमनी म्हणून चालू शकते हे आर्थर व्हूरहीस या अमेरिकन सर्जनना सुचलं ते एका रेशमी धाग्यामुळे. कुत्र्याच्या हृदयात राहून गेलेल्या टाक्याच्या धाग्यावर त्यांना चकचकीत पातळ थर चढलेला दिसला. १९५२ मध्ये त्यांनी कापडी नळ्यांचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे मायकल डिबेकी या हृदयसर्जननी डेक्रॉनचं कापड आणून बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. आजची डेक्रॉनची नळी हातात घेतली तर ती बारीक चुण्यांची असते, ओढली की लांबते, वाकवली तरी सहसा मुडपत नाही. घट्ट विणलेली नळी रक्त कमी झिरपू देते, पण ताठ असते. सुयांवर विणलेल्या स्वेटरसारखी वीण असलेली नळी मऊ असते, टाका तिच्यात छान बसतो, पण ती जास्त सच्छिद्र. पूर्वी अशी नळी बसवण्याआधी रुग्णाच्याच रक्तात भिजवून तिची भोकं बुजवावी लागत. आता ती कोलॅजन किंवा जिलेटिनने आधीच बंद करून येते. वीण असल्यामुळे वर्षांनुवर्षं रक्ताच्या दाबाखाली ही नळी थोडी सैलावते, रुंद होते.

पीटीएफई म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचा पदार्थ. १९६९ मध्ये बॉब गोर या अभियंत्यांनी त्याची तापवलेली कांडी हळूहळू ताणायचं सोडून एकदम झटक्याने खेचली, आणि ती न तुटता लांबच लांब ताणली गेली. त्यातून गाठी आणि गाठींना जोडणारे सूक्ष्म तंतू अशी रचना तयार झाली. पावसाळी जॅकेटांतलं गोर-टेक्स तेच. पायासाठी वापरतात त्या नळीत दोन गाठींमधलं अंतर साधारण ३० मायक्रॉन असतं. ही नळी पांढरीशुभ्र, गुळगुळीत, आधी बुजवायची गरज नसलेली. तिची एक खोड आम्हा सर्जनना चांगली ठाऊक आहे. टाका घालून सुई बाहेर आली की सुईच्या भोकातून रक्ताचे बारीक थेंब येत राहतात, कारण सुई धाग्यापेक्षा जाड आणि हा पदार्थ भोक आवळून घेत नाही. मग गॉज धरून शांतपणे थांबायचं. ती वाकवली की मुडपते, म्हणून गुडघा ओलांडायचा असेल तर बाहेरून कडी बसवलेली नळी घेतात.

दोघांची तुलना करणाऱ्या चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत. त्या एकत्र करून २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा निघाला, त्यात एकूण १९ चाचण्या आणि ३१२३ रुग्ण होते. गुडघ्याच्या वरच्या बायपासमध्ये डेक्रॉन पीटीएफईपेक्षा थोडी सरस निघाली. थोडीच. गुडघ्याखाली कुठलाच पदार्थ ठामपणे पुढे नव्हता. आणि तरीही पायात जगभर पीटीएफईच जास्त वापरली जाते, डेक्रॉन प्रामुख्याने पोटातल्या महाधमनीसाठी. यात बराचसा भाग सर्जनच्या हाताला पडलेल्या सवयीचा आहे, आणि या सवयीला मी कमी लेखत नाही. पहिल्या महिन्यात बंद पडणाऱ्या नळ्यांमागे बहुतेक वेळा शिवण्यातली चूक, मुडपलेली नळी किंवा चुकीची जागा असते. तुमचे सर्जन ज्या नळीवर वर्षानुवर्षं टाके घालत आले आहेत, ती त्यांना सोडायला लावून दुसरी घ्यायला लावली, तर पदार्थातला तो छोटा फायदा तुमच्या पदरात पडेलच असं नाही. म्हणून पहिले सर्जन डेक्रॉन म्हणाले आणि दुसरे पीटीएफई, तर यात एक बरोबर आणि एक चूक असं समजू नका.

आता भावाच्या म्हणण्याकडे येते. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध. ते पीटीएफईच्या आतल्या पृष्ठभागावर रासायनिक बंधाने पक्कं बसवलेलं असतं. स्कँडिनेव्हियात साध्या आणि हेपरिनच्या नळ्यांची तुलना झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. वर्षभराने हेपरिनच्या नळ्यांपैकी शेकडा ८६ चालू होत्या, साध्यांपैकी शेकडा ८०. हा फरक खरा आहे. तो वर्षाचा आहे, दहा वर्षांचा नाही, हेही लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर, शीर नाही, पायाला जखम आहे आणि खर्च घराला पेलतो, तर हेपरिनची नळी घ्यायला माझी ना नाही. पण त्यासाठी कर्ज काढावं, जखमेच्या ड्रेसिंगचा किंवा पुढच्या औषधांचा पैसा तिकडे वळवावा, इतकं त्या फरकाचं वजन नाही. घेण्याआधी सर्जनना एक आठवण करून द्या. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी बाबांना हेपरिन मिळालंच असणार. त्यानंतर प्लेटलेट एकदम उतरल्या होत्या का, 'हेपरिन चालत नाही' असं कुठे लिहिलंय का, हे जुन्या डिस्चार्ज कार्डात शोधा. तसं असेल तर ही नळी त्यांच्यासाठी नाही.

गुडघ्याखाली पीटीएफई जोडायची वेळ आलीच, तर एक छोटी गोष्ट मोठं काम करते. नळीचं टोक थेट धमनीवर न शिवता मध्ये शिरेचा छोटा तुकडा पट्टीसारखा बसवतात, त्याला 'व्हेन कफ' म्हणतात. एवढासा तुकडा घोट्याजवळच्या शिरेतूनही मिळतो. ब्रिटनमधल्या एका चाचणीत गुडघ्याखालच्या जोडात दोन वर्षांनंतर कफ असलेल्यांपैकी शेकडा ५२ चालू होत्या आणि कफ नसलेल्यांपैकी शेकडा २९. नळीच्या जातीपेक्षा या तुकड्याने पडणारा फरक मोठा आहे. सर्जनना नक्की विचारा.

'प्लास्टिक टिकतं किती' असं तुम्ही विचारलंत. पदार्थ कुजत नाही, विरघळत नाही. बंद पडतो तो त्यातला रस्ता. मऊ धमनीला ताठ नळी जोडली की प्रत्येक ठोक्याला जोडावर धक्का बसतो. शरीर तिथे पेशींची गादी चढवत जातं, बहुतेक खालच्या जोडापाशी, पहिल्या दोनेक वर्षांत. तोंड अरुंद होतं, वेग पडतो, गुठळी धरते. त्यानंतरच्या वर्षांत मूळ आजारच पुढे सरकतो. गुडघ्याच्या वरच्या कृत्रिम नळ्यांपैकी पाच वर्षांनी ढोबळमानाने निम्म्या चालू असतात. हे ऐकून खचू नका. अंगठ्याची जखम भरायला जितके महिने रक्त हवं, तितके महिने नळी चालली तरी पाय वाचू शकतो. भरलेल्या जखमेला नंतर तितकं रक्त लागत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती जंतूंची. कृत्रिम नळीला संसर्ग झाला तर अँटिबायोटिक सहसा पुरत नाही, नळी काढावी लागते आणि कधीकधी पाय जातो. ती जांघेतून जाते, आणि जांघ ही घामाची, घडीची जागा. ऑपरेशनआधी अंगठ्याच्या जखमेत पू असेल तर तो काढून घ्यायला हवा. साखर आटोक्यात हवी. घरी आल्यावर जांघेतला टाका रोज पाहा. लाली, ओल, स्राव यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी फोन करा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

गोळ्यांबद्दल. २००० सालच्या एका मोठ्या डच पाहणीत शिरेच्या बायपासला वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांचा फायदा दिसला आणि कृत्रिम नळीला अ‍ॅस्पिरिनचा. २०२० मध्ये व्हॉयेजर-पॅड या ६५६४ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला रिव्हारोक्सॅबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्यावर पाय अचानक धोक्यात येणं आणि हृदयाचे झटके एकूण कमी झाले, रक्तस्रावाचा धोका मात्र थोडा वाढला. बाबांना यातलं काय चालेल हे त्यांची किडनी, पोटाचा इतिहास आणि हृदयाच्या गोळ्या पाहून त्यांचे डॉक्टर ठरवतील. दात काढायचा आहे म्हणून किंवा 'आता बरं आहे' म्हणून कुणीही आपल्या मनाने या गोळ्या थांबवू नयेत. कोलेस्टेरॉलची गोळीही चालूच हवी. आणि बाबा विडी, सिगारेट ओढत असतील, तर ओढत राहणाऱ्यांची बायपास बंद पडण्याचा धोका जवळजवळ तिपटीने वाढतो. इतका फरक डेक्रॉन, पीटीएफई, हेपरिन या तिघांत मिळूनही नाही.

कृत्रिम नळी बंद पडते तेव्हा अनेकदा एकदम पडते, आणि पाय ऑपरेशनआधी होता त्यापेक्षाही वाईट होऊ शकतो. डिस्चार्जच्या दिवशी सर्जनकडून किंवा सिस्टरकडून बाबांच्या पावलावरची नाडी कुठे लागते ते बोट ठेवून शिकून घ्या. हाताला लागत नसेल तर छोट्या डॉप्लरवर तिचा आवाज ऐकून ठेवा आणि ती जागा पेनने खुणा करून ठेवा. रोज सकाळी दोन्ही पावलांना हात लावून पाहा. एखाद्या रात्री पाय गार, पांढराफटक पडला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर शेक देऊ नका, चोळू नका, सकाळ होऊ देऊ नका. काही तासांत स्नायू आणि नसा कायमच्या जातात.

तेव्हा उद्या एवढं करा: शिरांची सोनोग्राफी, दोन्ही पाय आणि दोन्ही हात, पट्टा बांधून. रिपोर्टमध्ये प्रत्येक शिरेची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि तो कागद घेऊन दोन्ही सर्जनना पुन्हा भेटा. हातातली शीर सापडली तर मला जरूर कळवा, मी वाट पाहते.